रस्त्यापलीकडची अंगणवाडी

२१ जानेवारी

माझ्या नवऱ्याने, हरीने, काल यार्डातून कंपनीची डायरी आणली. जाड पुठ्ठा, वर जहाजाचं चित्र. "तुना लागंल लिवाला," म्हणाला. मला लिहायला काय कमी आहे? मुलांची वजनं, उंच्या, लसी, गरोदर बायकांच्या भेटी, शिजवलेला आहार, आणि त्यावर मोबाइलमधलं ॲप. पण त्या सगळ्यात माझ्या मनातलं लिहायला खाना नाही. म्हणून ही डायरी मी माझ्यापुरती ठेवते. दुपारी केंद्र बंद झालं की घरी कुणी नसतं, तेव्हा लिहीन.

आज अंगणवाडीत सगळी पोरं मजुरांच्या कॅम्पातली. गावातलं एकही नाही. मी सेविका म्हणून लागले तेव्हा गावातली पोरं उंबऱ्याबाहेर बसायची, इतकी गर्दी. मग बंदर वाढलं, शेतांवर भराव पडला, कंटेनरची यार्डं आली, घरोघरी भाडी सुरू झाली. आता पोरं टाय लावून पिवळ्या बसने नर्सरीत जातात. चांगलंच आहे की. माझा स्वराज तरी अंगणवाडीत कुठे टिकला? सेविकेचा मुलगा असून दोन महिन्यांत त्याला इंग्लिश मिडियमला घातला. आज तो पुण्याला शिकतो.

आता माझ्याकडे येतात ती यार्डाची जमीन पक्की करायला आलेल्या मजुरांची पोरं. नांदेडकडची, काही जव्हारची. पत्र्याच्या खोल्यांत राहतात, अंगणवाडीच्या मागेच. आईबाप कामावर गेले की पोरं धुळीतून सरळ आमच्या दारात. ठमी त्यांची तोंडं धुते. ठमी माझी मदतनीस, मागच्या आदिवासी वाडीतली. वयाने माझ्याहून मोठी, तरी मला बाय म्हणते.

थकायला होतं. काम जड आहे म्हणून नाही. रोज तेच काम पहिल्यापासून सुरू करावं लागतं म्हणून.

२४ जानेवारी

कंपनीचे अनीश सर आले होते. गावांना मदत देण्याचा जो विभाग असतो, त्याचे साहेब. मूळचे नागावचे, घरची नारळ-सुपारीची वाडी आहे म्हणाले. बूट बाहेर काढून आत आले. असं कुणी साहेब करत नाही.

मी त्यांना भिंतीचा तडा दाखवला. ट्रेलर गेला की खिडकीची तावदानं थरथरतात ते दाखवलं. ते म्हणाले, "ताई, ही इमारत दुरुस्त करण्यापेक्षा नवीच बांधून देऊ. टीव्ही, खेळणी, स्वयंपाकघर, सगळं."

मला खरंच वाटेना.

मग त्यांनी विचारलं, "यातली गावातली मुलं किती?"

"सध्या एकही नाही, सर."

त्यांनी वहीत टिपलं. "म्हणजे ग्रामस्थांची हरकत यायचं कारण नाही."

नव्या इमारतीला कोण कशाला हरकत घेईल? शिकलेली माणसं फार पुढचा विचार करतात.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. नवी अंगणवाडी मंजूर झाली. जागा मात्र रस्त्यापलीकडे, ग्रामपंचायतीच्या मैदानाला लागून. जुनी इमारत पाडून तिथे रस्ता रुंद होणार.

रंगूआजी उठल्या. गावातल्या सगळ्यांत जुन्या. म्हणाल्या, "अंगणवाडी पोरांच्या पायात पायजे. ती पलीकडं नेऊन काय करता?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आपली पोरं हायेत कुठं तिथं आजी?" लोक हसले.

सरपंचांनी मला विचारलं, सेविकाताईंचं मत काय? मी उभी राहिले. ठमी माझ्या मागे बसली होती. तिने पदर ओढला. "बाय, रस्त्याचा ईचार." मी विचारलं, पोरांनी ट्रेलरच्या रस्त्यातून यायचं कसं? तेव्हा हरीच उठला. "शाळेच्या टायमाला तिथं गार्ड उभा करू. माझा शब्द." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या गावासमोर नवऱ्याने माझ्या कामासाठी शब्द दिला, याचं मला बरं वाटलं. मी म्हटलं, मग माझी हरकत नाही.

घरी येताना हरीने जिताडा आणला. सणासुदीशिवाय तो इतका महाग मासा आणत नाही.

१२ फेब्रुवारी

हरीला काम मिळालं! यार्डाच्या नव्या गेटवर सुरक्षा रक्षक पुरवायचं कंत्राट. गावातली दहा-बारा पोरं लागतील. आज त्याने आकाशी रंगाचा शर्ट शिवायला टाकला, खिशावर स्वतःच्या एजन्सीचं नाव.

शेती गेली तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा होता. तेव्हापासून दुसऱ्यांच्या गेटवर कारकुनी, दुसऱ्यांची हाजी हाजी. भाताच्या हंगामात सकाळी उठून अंगणात येरझाऱ्या घालायचा. हातांना काम नाही म्हणून. आज आरशासमोर उभा राहून शीळ घालत होता. किती वर्षांनी.

मी विचारलं, नवं गेट कुठे होणार? म्हणाला, "होईल आपल्याच बाजूला कुठंतरी." त्याला बाहेर जायची घाई होती.

५ मार्च

सोनूबाईच्या दुर्गाच्या दंडाला आज कुपोषण मोजायची रंगीत पट्टी लावली. जानेवारीत लाल रंगावर होती, आज पिवळ्यावर आली. सोनूबाई नांदेडची. दिवसभर सिमेंटच्या पाट्या उचलते. तिला दाखवलं तर विचारते, "पिवळं म्हंजे चांगलं का, ताई?"

"चांगलं. आता हिरव्यावर आणायचं."

दुर्गा आमच्याकडे नुसती खिचडी खात नाही. तिला वर मीठ लागतं. ठमी गुपचूप चिमूटभर घालते आणि मी न पाहिल्यासारखं करते. आल्यापासून पोर बोलत नव्हती. आज ठमीच्या कमरेला धरून "अजून" म्हणाली. ठमीने ते तीन वेळा मला सांगितलं.

असा एखादा दिवस आला की पुढचे काही दिवस चालतात.

९ एप्रिल

उद्घाटन झालं. इमारत सुंदर आहे, खोटं का बोलू? भिंतीवर मासे, होड्या, फुगे. पांढरी फरशी. शौचालयात छोटी भांडी.

फोटोसाठी नर्सरीतली पोरं आणली होती, गणवेशात. अनीश सरांच्या ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, "कॅम्पवाली मुलं नंतर आणा ना ताई, आज पाहुणे आहेत." मला वाटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे. इमारत तर पोरांचीच आहे. मी ठमीला निरोप दिला की आज पोरांना आणू नकोस.

पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की देश पुढे चाललाय आणि शेवटच्या मुलालाही सोबत घेऊन चाललाय. मी टाळ्या वाजवल्या. समोर बसलेली पोरं वेफर खात होती.

ठमी समारंभाला आलीच नाही. संध्याकाळी कळलं, तिने जुन्या अंगणवाडीत घरच्या तांदळाची खिचडी शिजवून पोरांना जेवू घातलं. मी रागावले. मानाचा दिवस होता, तिच्यासाठी साडी ठेवली होती. ती म्हणाली, "पोरां सकालधरना दारात बसली व्हती, बाय. त्यांना काय सांगू, पावने हायेत म्हनून?"

मी साडी तिच्या हातात दिली. तिने घेतली, पण घडी उघडून पाहिली नाही.

१७ एप्रिल

आज जुनी इमारत पाडली. मी प्रशिक्षणाला उरणला गेले होते. परत आले तर तिथे सपाट जमीन आणि त्यावर मुरूम. तक्ता, माठ, चटया ठमीने डोक्यावरून वाहून आणल्या. तिने सांगितलं, जेसीबीवाल्याला हात करून जागा दाखवत हरीदादा उभे होते.

त्याला विचारलं. म्हणाला, "कुणीतरी उभा रावायलाच पायजे होता. बाहेरचा माणूस असता तर सामान पन गाडला असता."

तेही खरंच.

२३ एप्रिल

नव्या अंगणवाडीत पोरं येत नाहीत. आठवड्यात दोनच आली, तीही बापाच्या खांद्यावरून. आज मी आणि ठमी कॅम्पात गेलो. सोनूबाई म्हणाली, "लेकराला कसं पाठवू, ताई? त्या गाड्यांचं मोठ्या मानसालाच भ्या वाटतंय. मला कामावर सातला जावं लागतंय."

हरीला गार्डची आठवण केली. "गेट चालू होऊ दे. मग ठेवतो."

तोवर आम्हीच आणायचं ठरवलं. ठमीने घरातली नायलॉनची दोरी आणली, होडी बांधतात तशी. पोरांनी एका हाताने दोरी धरायची, पुढे मी, मागे ठमी. ट्रेलर लांब असला की ओलांडायचं. पोरांना खेळच वाटतो. दुर्गा दोरी दोन्ही हातांनी धरते.

१९ जून

सुट्टीनंतर केंद्र सुरू झालं आणि त्याच आठवड्यात नवं गेटही. पाडलेल्या अंगणवाडीच्या जागेवरूनच गाड्या आत वळतात. माझा तक्ता होता तिथे आता वजनकाट्याची रांग लागते. गेटवर हरीची पोरं आकाशी शर्टात.

गार्ड मागितला. हरी म्हणाला, "माझी मान्सं गेटच्या आत. बाहेरचा रोड माझ्या कामात येत नाय. कंपनी पैसे देनार नाय, मंग मी कुठून देऊ?"

"तू सभेत शब्द दिला होतास."

"दिला होता गो. तेव्हा मना तरी काय ठावं?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं? मला वाटतं, नसावं. मग अनीश सरांना फोन केला. ते सरळ बोलले, "ताई, रस्ता आमच्या ताब्यात नाही. गतिरोधकासाठी मी वर पत्र दिलंय. पण ट्रेलर थांबले की मागे रांग लागते, त्याला विरोध होतो." त्यांचा आवाज थकलेला होता. मला त्यांचा रागही नीट येईना.

रस्ता चिखलाने निसरडा झालाय. ठमी पाय जरा ओढत चालते. वय झालं, दुसरं काय. दोरीच्या मागच्या टोकाला तिलाच राहायचं असतं.

४ जुलै

पदरावरचा चिखल अजून धुतला नाही. तरी लिहिते.

सकाळी पोरांना आणताना एका ट्रेलरवाल्याने आमच्यासाठी थांबून हात केला. चांगला माणूस. आम्ही निघालो. त्याच्या मागून दुसरा, गाडी रांगेतून बाहेर काढून, त्याला ओलांडून आला. आम्ही त्याला दिसलोच नसणार. मी पुढची पोरं ओढली. मागे दुर्गा घसरून बसली होती. ठमीने तिला उचललं नाही, तेवढा वेळच नव्हता. पायाने ढकललं. पोर चिखलात लांब जाऊन पडली. ठमीचा पाय राहिला.

पोरांना काही झालं नाही. ठमीचा पाय गुडघ्याखाली चिरडलाय. रिक्षात ती ओरडली नाही. "दोरी कुनी सोडली का?" एवढंच विचारत होती.

नाही गं ठमी. कुणीच सोडली नाही.

७ जुलै

ठमी पनवेलला दवाखान्यात. पाय वाचेल, पण पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तिचं काम मानधनाचं, तिला पगारी रजा कुठली?

आज मी तिच्याजवळ असताना हरी आला. बरोबर वाहतूकदाराचा माणूस. तो म्हणाला, सगळा खर्च आम्ही करू, वर मदतही देऊ. बाईंनी फक्त सांगायचं की त्या स्वतःच धावत मध्ये आल्या. पोरं, दोरी यातलं काही नको. पोरं आली की प्रकरण वाढतं, गेट बंद ठेवावं लागतं.

मी म्हटलं, ठमी, नाही म्हण. मी साक्ष देते.

ठमी छताकडे बघत होती. मग म्हणाली, "सांगते. धावत गेली मी."

तो माणूस गेल्यावर मी तिच्यावर चिडले. खोटं का बोललीस? ती म्हणाली, "तुजा खरा किती वरसांनी ठरंल, बाय? मना पाय आज पायजे." मग डोळे मिटून घेतले. हरी दाराशी उभा होता. पंख्याकडे बघत.

 

८ जुलै

आज हरीला विचारलं. सरळ.

कंत्राट कधी ठरलं? ग्रामसभेच्या आधी की नंतर?

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आधी बोलनी झाली व्हती. तुजी अंगणवाडी हटली तर गेट. गेट झाला तर काम."

म्हणजे जिताडा, टाळ्या, आकाशी शर्ट, सगळं एकाच गोष्टीचं होतं आणि मी ते सुटं सुटं या डायरीत लिहीत गेले. मागची पानं वाचली तर मलाच माझी लाज वाटते.

मी म्हटलं, तू मला सांगायचंस तरी.

"सांगितला असता तर तू सभेत हो म्हटली असतीस?"

नसते म्हटले.

मग तोच ओरडायला लागला. "पंधरा वर्सं मी कुनाच्या तरी गेटवर सलाम मारत उबा. जमीन आपली गेली, यार्ड त्यांचं झालं. एक गेट मना भेटला तर मी काय चोरी केली? गावातली पोरं कामाला लावली. तुज्या नांदेडवाल्यांना कोन बगतो? ती उद्या जातील. आपल्याला हितंच रावाचा हाय."

त्याचं सगळंच खोटं असतं तर भांडायला सोपं गेलं असतं.

१४ जुलै

आजपासून मी रस्ता ओलांडणं बंद केलं. सामान घेऊन मीच कॅम्पात गेले. मुकादमाने जेवणाचा पत्र्याचा मांडव सकाळपुरता दिला. सिमेंटच्या पिशव्या अंथरल्या. सोनूबाईने कामाला जाण्याआधी चूल पेटवून दिली. पोरं आली, सगळी. खिचडी जरा करपली. ठमी नाही ना.

ॲपने माझी हजेरी घेतली नाही. 'आपण केंद्राच्या बाहेर आहात' असं येतं. पलीकडे माशांच्या भिंतींची इमारत कुलूप लावून बसली आहे. ॲपच्या लेखी मी गैरहजर.

३० जुलै

पर्यवेक्षिका भार्गवी मॅडम आल्या. त्यांच्याकडे कितीतरी केंद्रं, स्कूटीवरून फिरतात, रेनकोटातून पाणी गळत होतं. मांडवात आल्या आणि आधी ओरडल्या. "तुमच्यामुळे मला वरून बोलणी बसतात. उद्घाटन झालेलं केंद्र, पाहुण्यांचे फोटो, आणि हजेरी शून्य! कुणी पाहणीला आलं तर मी काय दाखवू?"

मी म्हटलं, मॅडम, पोरं दाखवा.

"पोरं चालत नाहीत हो. ठिकाण जुळावं लागतं."

मग त्या पिशवीवर बसल्या. दुर्गाने त्यांच्या ओल्या बुटांना हात लावला. मॅडमनी पर्समधली बिस्किटं दिली. जाताना म्हणाल्या, "मानधन कापलं जाईल. मी थांबवू शकत नाही. पण केंद्र हलवण्याचा प्रस्ताव तुम्ही पाठवा, मी सही करते. मंजूर व्हायला वेळ लागेल."

"किती?"

"ताई, ते मला विचारू नका."

खरं सांगायचं तर मी काही लढत नाही. लढणारी माणसं वेगळी दिसतात. मला फक्त तो रस्ता पुन्हा ओलांडायचा नाही. तेवढंच आहे. पण हे कुणाला सांगितलं तर पटत नाही.

१० सप्टेंबर

गणपती झाले. स्वराज येऊन गेला. घरात मी आणि हरी कामापुरतं बोलतो. माझं मानधन कापून येतं. त्यावर तो चकार शब्द बोलला नाही. गहू, तेल तोच आणून ठेवतो.

ठमी वाडीवर आली. कुबडी घेऊन दाराशी बसते. तिच्या जागी दुसरी मदतनीस घ्या असं वरून आलंय. मी अजून कळवलेलं नाही. आज तिला भेटले तर म्हणाली, "मीठ घालतंस ना वर?"

घालते.

१७ ऑक्टोबर

हरीचं कंत्राट गेलं. कंपनीने सगळ्या गेटांचं मिळून एकच टेंडर काढलं. मुंबईची मोठी एजन्सी आली. तिचे रक्षक दुसऱ्या राज्यांतले, अर्ध्या पगारात बारा तास उभे राहतात. हरीच्या पोरांना सांगितलं, हवं तर त्या पगारात राहा. दोघं राहिली.

अनीश सरांनी स्वतः येऊन सांगितलं त्याला. सर म्हणाले, "हरीभाऊ, बाजारभाव आहे, माझ्या हातात काही नाही." चहा घेतला नाही.

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मला आतून कुठेतरी बरं वाटेल. नाही वाटलं. तो शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकून बसला होता आणि त्याच्या दंडावर ऊन लागून जिथे बाही संपते तिथे रेघ उमटली होती. मी भात वाढला. त्याने विचारलं, "कॅम्पात आज पोरं किती आली?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"सगळी आली."

"बरं," म्हणाला. जेवला.

३१ ऑक्टोबर

दुर्गाची पट्टी हिरव्यावर आली. निदान काठावर तरी. मी दोनदा लावून पाहिली. सोनूबाई कामावर होती. धावत जाऊन तिला यार्डाच्या कुंपणातून ओरडून सांगितलं. तिने डोक्यावरची पाटी उतरवली नाही. तशीच उभी राहून हसली.

१८ नोव्हेंबर

सकाळी कॅम्पात गेले तर खोल्यांचे पत्रे उतरवत होते. यार्डाचं काम पूर्ण झालं. मुकादमाला काल रात्री निरोप आला, आज टेंपो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं एकावर एक. पालीच्या वाटेवर नवी गोदामं होतायत, तिकडे नेतायत.

मला काही सुचेना. पोषणाची पाकिटं होती तेवढी त्यांच्या गाठोड्यांत कोंबली. सोनूबाईने दुर्गाला माझ्याकडे दिलं, स्वतः वर चढली आणि मग तिला वरून घेतलं.

"ताई, तिकडं हाय का वो अंगणवाडी?"

"असेल. सगळीकडे असते."

"जवळ आसंल का?"

 टेंपो निघाला. दुर्गा रडली नाही, तिला टेंपोत बसायची हौस. मी मांडवात परत आले तर मांडवही उतरवत होते. एका माणसाने विचारलं, बाई, तुमचं काही राहिलंय का?

१९ नोव्हेंबर

आज नव्या इमारतीत जाऊन बसले. ॲपने हजेरी लगेच घेतली. 'उपस्थित मुले' या खान्यात शून्य भरलं, तेही त्याने घेतलं. भिंतीवरचे मासे छान काढलेत. इतके दिवस नीट पाहिले नव्हते.

२१ नोव्हेंबर

भार्गवी मॅडमना फोन करून पालीकडच्या त्या गोदामांजवळच्या गावच्या सेविकेचा नंबर मागितला. त्या म्हणाल्या, "कशाला अंगावर घेताय? नावं ॲपमध्ये स्थलांतरित करा, तिकडे आपोआप दिसतात." मी म्हटलं, दिसतात, पण कुणी बघतं का? मॅडमनी फोन ठेवला. मग दुपारी नंबर पाठवला. सोबत काही लिहिलं नव्हतं.

मी अंगणवाडीच्या पायरीवर बसून फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आणि पोरांचा आवाज. एक बाई वैतागून म्हणाली, "कोण बोलतंय?"

मी सांगितलं. उरणकडची सेविका. तुमच्या गावाजवळ गोदामाच्या कामावर मजूर आलेत, पत्र्याच्या खोल्यांत असतील. त्यांच्यात अंगणवाडीची पोरं आहेत. तुम्हाला कुणी सांगायला येणार नाही, म्हणून मी सांगते.

"अहो ताई," ती म्हणाली, "माझ्याकडे आधीच गावातली पोरं आहेत, मदतनीस महिनाभर नाही, तांदूळ वेळेवर येत नाही. ती गोदामं हायवेच्या पलीकडे आहेत. मी एकटी कुठे कुठे जाऊ?"

मी म्हटलं, कळतंय.

"तुम्हाला कळतंय, वर कुणाला कळत नाही."

"हो."

मला वाटलं आता फोन ठेवेल. मीही आणखी काय बोलणार होते? तिच्याकडे एक पोर मोठ्याने रडत होतं. तिने त्याला बहुतेक उचललं, कारण रडणं फोनच्या अगदी जवळ आलं आणि मग हळूहळू थांबलं. बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, माझ्यासारखाच, दिवसभर उभं राहिलेल्या बाईचा.

"सांगा," ती म्हणाली. "सगळ्यात लहान कोण आहे त्यांच्यात?"

"दुर्गा," मी म्हटलं. "आईचं नाव सोनूबाई. पोर आधी बोलणार नाही. पण तिला खिचडीवर मीठ लागतं."